पट्टे आणि ठिपके

चंद्रपूर जिल्ह्यात ‘सफारी’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा ‘आज सफारीवाले कमी आले’ असे सहज बोलून जाते. मूळ शब्द अरबी. ‘सफर’ म्हणजे प्रवास. तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन स्वाहिली झाला, साहेबाच्या बंदुकीबरोबर जगभर हिंडला आणि बंदूक जाऊन हाती कॅमेरा आल्यावर मोहर्ली, कोलारा, नवेगाव येथील फाटकांशी येऊन थांबला. एप्रिल २०२३ मध्ये मालदीवच्या बेटांवर हाच शब्द आम्हाला पुन्हा भेटला. जिच्यावर आठवडाभर राहायचे, जेवायचे, झोपायचे आणि दिवसातून तीनदा जिच्या आधाराने समुद्राच्या तळाकडे उतरायचे, त्या नौकेला तेथे ‘सफारी बोट’ म्हणतात. मोठे प्राणी पाहण्यासाठीच माणसे तिच्यावर चढतात, म्हणजे अर्थही तोच.

आम्ही उभयता गेली अनेक वर्षे ब्रह्मपुरीच्या परिसरात शिक्षकाचा पेशा करीत आहोत. आमच्यापैकी एकाचे घर वैनगंगेच्या काठचे, एकीचे माहेर वसईच्या किनाऱ्याचे. त्यामुळे आमच्या घरात वाघाच्या गोष्टी आणि माशांच्या गोष्टी यांची आरंभापासून स्पर्धा आहे. वसईकडचे पाहुणे आले, की त्यांना वाघ हवा असतो. इतक्या वर्षांत आम्ही स्वतः तो तीनदाच पाहिला, आणि त्यातही दोनदा एस.टी.च्या खिडकीतून, हे कळले की पाहुणे हिरमुसतात.

येथल्या रानाविषयी किनाऱ्यावरच्या वाचकांना थोडे सांगावे लागेल. ताडोबा हे १९५५ सालचे राष्ट्रीय उद्यान. अंधारी अभयारण्यासह १९९५ साली त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याला फाटके आहेत, वेळापत्रक आहे, खाकी पोशाखातील वाटाडे आहेत. ब्रह्मपुरी वनविभाग त्याच्या बाहेरचा. येथे धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळातील तलाव, मोहाची झाडे, मध्येच झुडपी रान आणि लगेच पुढचे गाव अशी सरमिसळ आहे. घोडाझरीला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी आमचे बहुतेक वाघ फाटक नसलेल्या या सरमिसळ रानातच वावरतात. त्यांची दाटी इतकी, की मे २०२३ मध्ये येथल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात नेऊन सोडण्यात आल्या. माणसेही याच रानात जातात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला आणि बारा महिने सरपणाला. वाकून फुले वेचणारी आकृती वाघाला माणसाची वाटत नाही, असे जाणकार सांगतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात ‘सीटी-१’ या नावाने नोंदलेला वाघ पकडला गेला, तेव्हा गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांतील तेरा माणसांचे मृत्यू त्याच्या खाती जमा होते. दिवाळीनंतर आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी रात्रभर नाटक पाहून माणसे पहाटे घोळक्याने, मोबाईलच्या उजेडात, नाटकातील संवाद मोठमोठ्याने म्हणत घरी परतत. त्या आरडाओरड्यात हौस किती आणि भीती किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अशा गावातून कोणी मोठे प्राणी पाहण्यासाठी खर्च करून समुद्रावर जातो, हे आमच्या शाळेतील सहकाऱ्यांना समजावणे कठीण गेले. पन्नाशी उलटल्यावर पाण्याखाली श्वास घ्यायला शिकणे हेही त्यांना हास्यास्पदच वाटले. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या प्रशिक्षण केंद्रात दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून आम्ही ती विद्या शिकून घेतली होती. हट्ट अर्थात आमच्यातील वसईकरणीचा. लहानपणी तिने मासे पाहिले ते जाळ्यात, टोपलीत आणि कालवणात. जिवंत मासा आपल्या पाण्यात कसा दिसतो, हे पाहिल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असे तिचे म्हणणे. झाडीपट्टीकर निमूटपणे मागे गेला.

ईस्टर त्या वर्षी ९ एप्रिलला होता. तो वसईला साजरा करून दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईहून मालेला उतरलो. विमानतळ एका बेटावर, शहर दुसऱ्या बेटावर आणि आमची नौका तिसऱ्या बेटाच्या आडोशाला. तीन मजल्यांच्या त्या लाकडी नौकेवर आम्ही अठरा प्रवासी होतो. तिच्यामागून एक लहान ‘धोनी’ येत असे. हवा भरायचे यंत्र, सिलिंडर आणि ओले कपडे सगळे तिच्यावर, म्हणजे मोठ्या नौकेत निवांत झोप मिळे. पाण्यात उतरणे आणि वर येणे धोनीवरूनच.

मालदीवची भाषा धिवेही. ती संस्कृतच्या गोत्रातली, सिंहलीची सख्खी बहीण, हे आम्ही वाचले होते. पण कानांनी ऐकण्याची मजा वेगळी. आमचा वाटाड्या बुडी मारण्यापूर्वी माणसे मोजी: एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे… ‘स’चा ‘ह’ झालेला सोडला, तर पाढेच. मासळीला ते ‘मस’ म्हणतात. ‘अ‍ॅटॉल’ हा जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेलेला शब्द मूळचा याच भाषेतला. प्रवाळांचे एक मोठे कंकण, कंकणावर ठिपक्यांसारखी बेटे आणि कंकणाच्या आत शांत, उथळ पाणी. कंकणाला जागोजाग खिंडी असतात. एप्रिलअखेरपर्यंत ईशान्येचे वारे असतात, प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. मग पूर्वेच्या खिंडींत पाणी स्वच्छ आणि पश्चिमेच्या कडेला बारीक प्लवकांनी गढूळ. स्वच्छ पाण्यात शार्क, गढूळ पाण्यात प्लवक खाणारे महाकाय. ‘पाणी वाईट दिसले, तर खूश व्हा,’ असे वाटाड्या म्हणाला. मोहफुलांच्या वासावर अस्वल येते हे जाणणाऱ्या माणसाला हे गणित चटकन कळते.

पाण्याखालच्या सफारीचे नियम जंगलाच्या सफारीपेक्षा कडक आहेत, कारण तेथे चुकीला शिक्षा लगेच होते. पाठीवर दोनशे बार दाबाची हवा. ती पन्नास बारवर येण्यापूर्वी वर निघायचे. जितके खोल जावे तितका दाब वाढतो, हवा लवकर संपते आणि नायट्रोजन रक्तात विरघळतो. म्हणून तीस मीटरच्या खाली कोणी जायचे नाही, असा त्या देशाचा नियमच आहे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आणि शेवटच्या बुडीनंतर दिवसभर विमानात बसायचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला. त्याच्यावर डोळा ठेवायचा. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आम्हाला हा नियम नवा नव्हता. बोलायची मात्र तेथे सोय नाही. आमच्यात वाद झाला नाही असा तो एकमेव आठवडा असावा.

दुसऱ्या दिवशी मँटा दिसला. आपल्याकडच्या पाकटाचे हे प्रचंड भावंड. पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर. प्रवाळाच्या एका उंचवट्यावर तो संथपणे येऊन तरंगत राहिला आणि बोटाएवढे मासे त्याच्या कातडीवरचे परजीवी टिपू लागले. न्हाव्याच्या दुकानाबाहेर रांग लागावी तसे मागे आणखी दोघे थांबलेले. आम्ही खडकाला टेकून, शक्य तितका कमी श्वास घेत बसलो. एक मँटा आमच्या डोक्यांवरून गेला, तेव्हा क्षणभर वरचा उजेड झाकला गेला. त्याच्या पांढऱ्या पोटावरील काळे ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात. त्या ठिपक्यांवरून मालदीवमध्ये हजारो मँटांची ओळखपत्रे तयार झाली आहेत.

वाघाचे पट्टेही असेच. स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची गणती करण्याची पद्धत उल्हास कारंत यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेत रुजवली. आज आमच्या भागातील वनरक्षक पट्टे पाहून वाघाचे कूळ सांगतात. समुद्रातील सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. त्याच्या पाठीवरील ठिपके जुळवायला तर खगोलशास्त्रज्ञांची मदत झाली. आकाशातील ताऱ्यांची चित्रे एकमेकांशी ताडून पाहण्याची त्यांची गणिती रीत २००५ साली या माशासाठी वापरात आणली गेली. निळसर काळ्या पाठीवरचे ते पांढरे ठिपके पाहिले, की ही कल्पना कोणाला तरी सुचणारच होती असे वाटते.

हा मासा आम्हाला चौथ्या दिवशी, अरी अ‍ॅटॉलच्या दक्षिण कडेला दिसला. तेथील बेचाळीस चौरस किलोमीटरचा पट्टा २००९ पासून संरक्षित आहे. धोनीच्या टपावर उभे राहून खलाशी पाण्यात काळी सावली शोधत होते. तासभर काही नाही. मग एकाएकी ओरडा झाला. धोनी वळली, दुसऱ्या बाजूने आणखी दोन नौका वळल्या, क्षितिजावरून चार-पाच लहान बोटी सुसाट आल्या. ‘उडी मारा, उडी मारा!’ आम्ही नळी तोंडात धरून उडी टाकली. फेसाखाली पाहतो, तर सहा मीटरचा तो जीव सावकाश चालला होता. तोंड एवढे रुंद, की एखादे मूल आत जाईल. पण गळा अरुंद आणि आहार बारीक प्लवकांचा. योना संदेष्ट्याला गिळणारा मोठा मासा हा खासच नव्हता. त्याच्यामागे पन्नासएक माणसे हातपाय झाडीत होती. अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर दूर राहावे असा नियम आहे. कोणाचा तरी पाय आमच्या कानशिलावर बसला, यावरून तो कितपत पाळला जात होता याची कल्पना यावी. माशाच्या वरच्या परावर नौकेच्या पंख्याचे तीन तिरपे, बरे झालेले वार होते. दोनेक मिनिटांत त्याने डोके खाली केले आणि निळ्या काळोखात तो दिसेनासा झाला.

पाण्याबाहेर आल्यावर आमच्या तोंडून एकदमच निघाले, ‘जिप्सी!’ ताडोब्यात वाघ दिसल्याचे कळताच उघड्या जिप्सी गाड्यांची जी धांदल उडते, तिची हुबेहूब ही नक्कल होती. तरीही खरे सांगायचे, तर आनंद झाला. गर्दीमुळे तो कमी झाला नाही.

त्या संध्याकाळी नौका एका वस्तीच्या बेटाजवळ नांगरली. तीन दिवसांनी मोबाईलला जीव आला. पहिलाच निरोप ब्रह्मपुरीचा होता. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलाची आजी त्या दिवशी पहाटे मोहफुले वेचताना वाघाने मारली होती. ती आमच्या चांगली परिचयाची. नातवाच्या पालकसभेला आईबापांऐवजी तीच येई. बाप विटाभट्टीवर, आई रोवणीला किंवा कापणीला. येताना पदरात बांधून भाजलेली मोहफुले व तीळ आणी आणि शिक्षकांच्या टेबलावर ठेवून, ‘पोराले मारा, पन शिकवा,’ असे बजावून जाई. निरोपासोबत कोणीतरी घटनास्थळाचे छायाचित्रही पाठवले होते. मोहाच्या झाडाखाली, झाडून स्वच्छ केलेल्या जमिनीवर उपडी पडलेली बांबूची टोपली. आम्ही मोबाईल बंद केला.

तो रमजानचा महिना होता. आमचे खलाशी आणि वाटाडे दिवसभर पाण्याचा थेंब न घेता पाण्यात उतरत होते. सूर्य बुडाला, की मागच्या सज्जावर खजूर, नारळ घातलेली मासळी आणि चपातीसारखी पातळ भाकरी मांडली जाई. आमचा वाटाड्या दक्षिण अरीतल्याच एका बेटावरचा, तिशीतला तरुण. इंग्रजी व्यवहारापुरती आणि हिंदी चित्रपटांतली. त्याने आमचे चेहरे पाहिले आणि ‘सर, मॅडम, काय झाले?’ असे विचारले. आम्ही सांगितले. वाघाच्या देशातून आम्ही आलो हे त्याला पहिल्या दिवशीच कळले होते, आणि तेव्हापासून तो वाघाविषयी खोदून खोदून विचारत होताच. आता मात्र तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आपल्या आजोबांची हकीकत सांगितली.

आजोबा शार्क मारीत. मोठ्या माशाच्या यकृताचे तेल काढून ते धोनीच्या लाकडाला लावीत, म्हणजे कीड लागत नसे. पर व्यापाऱ्याला विकले जात. व्हेल शार्क तर तेलाचा हंडाच. १९९५ साली सरकारने त्याला संरक्षण दिले आणि २०१० साली सर्वच शार्कच्या मासेमारीवर बंदी आली. आजोबांनी पुष्कळ शिव्या घातल्या. पण तोवर मुलगा पर्यटकांच्या धोनीवर सुकाणू धरू लागला होता, आणि नातू तर पाण्याखालीच कमावू लागला. या बदलामागे हिशोबही होता. १९९३ साली दोघा अभ्यासकांनी मालदीवमध्ये मांडून दाखवले होते, की प्रवाळावरची एक करडी शार्क मारून विकली तर मच्छीमाराला बत्तीस डॉलर मिळतात. तीच जिवंत राहिली, तर पाणबुड्या पर्यटकांकडून वर्षाला तीन हजार तीनशे डॉलर येतात. वाटाड्याला हे आकडे तोंडपाठ होते. त्याच्या धंद्याचा तो मूलमंत्रच म्हणायचा. त्या देशात सगळे गोड आहे असे मात्र त्याने भासवले नाही. मोठा पैसा हॉटेलवाल्यांचा, वेगाने जाणाऱ्या बोटींना कोणी अडवत नाही, माशांच्या पाठीवरचे वार आम्ही पाहिलेच होते.

‘त्या आजीच्या गावाला वाघाचे काय मिळते?’ त्याने विचारले.

आम्ही सांगितले, की माणूस मेला तर वारसांना सरकार वीस लाख रुपये देते. (ती रक्कम पुढे त्याच वर्षी पंचवीस लाख झाली.) गाय-बैल मेला, तर त्याची निराळी भरपाई.

‘ते मेल्यावर,’ तो म्हणाला. ‘वाघ जिवंत आहे, आजीही जिवंत आहे, तेव्हा काय मिळत होते?’

फाटकाजवळच्या गावांत तरुणांना वाटाड्याचे काम मिळते, कोणी जिप्सी चालवतो, कोणी खानावळ काढतो, असे आम्ही सांगू लागलो. मग सांगता सांगता थांबलो. आजीच्या गावाला फाटक नव्हते. तेथून सर्वांत जवळचे फाटक बसने दीड तासावर. ज्या रानात वाघ पाहायला कोणी येत नाही, त्या रानात तिचा वाघ राहत होता. शार्कच्या हिशोबात मेलेल्या जीवाचे मोल कवडीचे आणि जिवंतचे हजारोंचे. आमच्याकडच्या त्या गावात हिशोब नेमका उलटा होता, आणि मेलेला जीव म्हातारीचा होता.

त्या रात्री झोप आली नाही. नौकेच्या मागच्या दिव्याभोवती प्लवक जमतात आणि त्यांच्या ओढीने कधी कधी मँटा येतो, म्हणून दिवा रात्रभर जळत ठेवीत. वाघ पाहण्यासाठी पूर्वी रानात रेडकू बांधीत, त्याची आठवण झाली. आम्ही सज्जावर बसून आपल्या किनाऱ्याचा विचार करीत राहिलो. व्हेल शार्क आपल्याकडेही येतो. गुजरातेत वेरावळच्या बाजूला त्याची शिकार चाले. पिंपे बांधून त्याला थकवीत, म्हणून लोक त्याला ‘बॅरल’च म्हणत. माइक पांडे यांचा त्या शिकारीवरील माहितीपट गाजला आणि मे २००१ मध्ये या माशाला कायद्याने वाघाच्याच पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. पण कायद्याने मच्छीमार बदलला असे नाही. मोरारीबापूंनी त्या माशाला बाळंतपणासाठी बापाच्या घरी आलेल्या लेकीची उपमा दिली, किनाऱ्याने त्याचे ‘वहाली’ असे नाव ठेवले आणि सोबत, त्याला सोडवताना फाटलेल्या जाळ्याची भरपाई सुरू झाली. नुसती उपमा पुरली असती, की नुसती भरपाई? आमच्यात यावर एकमत झाले नाही. माहेरची वसईकरीण म्हणाली, की जाळे कापणे म्हणजे काय हे ज्याने जाळे विणले नाही त्याला कळायचे नाही. आधी जाळ्याचे पैसे, मग उपमा. महाराष्ट्रातही कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी २०१८ च्या अखेरीस अशी योजना आणली. संरक्षित जीव जाळे कापून सोडला, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्याउलट मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली कागदावर जाहीर झाले, तेव्हा ज्यांच्या होड्या त्या पाण्यात होत्या त्यांना आपल्या पोटावर पाय आल्यासारखे वाटले, आणि त्यांचा विरोध पुढे कित्येक वर्षे टिकला. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे पाण्याखालचे प्रवाळी पठार आहे. तेथे जायचे, तर अशाच राहण्याच्या नौकेवरून जावे लागेल. तशा सफारी तेथे नेण्याची बोलणी मधूनमधून कानांवर येतात. त्या निघाल्या, तर सुकाणू मालवण-देवगडच्या पोरांच्या हाती असावे, यावर मात्र आमचे एकमत झाले.

सकाळी आमच्यातील झाडीपट्टीकर पाण्यात उतरला नाही. धोनीच्या काठावर पाय सोडून तो बसून राहिला. जोडीदार बदलून वसईकरीण वाटाड्याबरोबर गेली. इतर नौका अजून जाग्या व्हायच्या होत्या. दहा मिनिटांनी धोनीच्या खालून, अगदी वरच्या पाण्यातून, तो मासा गेला. आदल्या दिवशीचाच; परावर तेच तीन वार. काठावरून वाकलेल्या माणसाला पाठीवरचा एकेक ठिपका दिसत होता. खालून वसईकरीण त्याचे पांढरे पोट पाहत होती. कोणी ओरडले नाही, खलाशीही नाही. वर आल्यावर ती मास्कमधले पाणी पुसत पुष्कळ वेळ रडली. आजीसाठी की माशासाठी, हे विचारायचे धाडस जोडीदाराला झाले नाही.

उरलेल्या दोन दिवसांत खिंडीतल्या प्रवाहात करड्या शार्क पाहिल्या, कासवे पाहिली, गरुडाच्या पंखांच्या पाकटांचा एक थवा पाहिला. त्यांविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, पण ते कोणत्याही पुस्तकात सापडेल.

परतल्यावर चार दिवसांनी आम्ही आजीच्या घरी गेलो. नातू आता वीस वर्षांचा आहे. गावात वाघ आल्यावर लोकांना आवरायचे, वनरक्षकाला कळवायचे, यासाठी जे प्राथमिक प्रतिसाद दल आहे त्यात तो काम करतो. त्या पहाटेही काठी घेऊन सर्वांत आधी तोच पोहोचला होता. बोलणे लवकर संपले. मग तोच म्हणाला, ‘सर, समुद्रात गेल्ते म्हनते तुमी. फोटू हायेत का?’

आम्ही मोबाईल पुढे केला. त्याने ठिपके बोटांनी मोठे करून पाहिले. यालाही क्रमांक देतात का, आमच्या वाघासारखा, असे विचारले. देतात, असे सांगितले. परावरचे वार पाहून तो थोडा थांबला.

‘बाई, हा मानसाले खात नाई?’

‘नाही रे. पाण्यातले किडे खातो, डोळ्यांना दिसणारही नाहीत असे.’

‘मंग याले पाहाले लोकं एवढे पैसे कायले देतेत?’

आम्ही काही म्हणण्याआधी त्याच्या आईने चहा आणला. अंगणात चटईवर हंगामाची शेवटची मोहफुले वाळत होती. आता गावातल्या बाया एकेकट्या जात नाहीत, सात-आठ जणी मिळून, उजाडल्यावर जातात. त्यामुळे अर्धी फुले गुरे खाऊन टाकतात, असे ती सांगत होती.